चार मिलिमीटर

"दात बसवता येईल हो, पण बसवायचा कशात?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी गप्पच झाले. दातांची मुळं हाडात असतात हे शाळेत सगळेच शिकतात. पण आरशात दिसते ती हिरडी, दुखते ती हिरडी, ब्रश जोरात फिरला तर रक्त येतं तेही हिरडीतून. हाडाशी थेट गाठ पडायची वेळच येत नाही.

वरच्या जबड्यातल्या डावीकडच्या दोन दाढा काही वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या होत्या. एकीचं मूळ उभं चिरलं होतं, दुसरी पायरियामुळे हलायला लागली होती. मग जीभ त्या मोकळ्या जागेला सरावली, गाल सरावला, घास न सांगता उजवीकडे जायला लागला. पुढे उजवीकडची दाढ कुरकुर करायला लागली, तेव्हा डावीकडचं काहीतरी बघणं भाग पडलं. ओळखीतल्या बऱ्याच जणांनी इम्प्लांट करून घेतलेलं. टायटॅनियमचा स्क्रू, वर कॅप, झालं काम, असं सगळ्यांच्या बोलण्यातून वाटायचं.

डॉक्टरांनी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, पडद्यावर उघडला. माऊसचं चाक फिरवलं की जबडा पातळ कापांमध्ये सरकत जायचा. एका कापात शेजारच्या दाढेची तीन मुळं, भोवती दाट पांढरं हाड. चाक आणखी थोडं फिरवलं आणि मुळं संपली. तिथे खाली हिरडीची करडी सावली, मधे पांढरट पट्टी आणि तिच्यावर मोठी काळी पोकळी. ती पोकळी म्हणजे सायनस, गालाच्या हाडामागची हवेची जागा. डॉक्टरांनी पट्टीच्या खाली एक टिंब ठेवलं, वर दुसरं. शेजारी आकडा उमटला : चार मिलिमीटरच्या जरासा वर. दाढेच्या जागी नेहमी वापरतात तो इम्प्लांट आठ ते दहा मिलिमीटर लांब असतो. म्हणजे तो सरळ बसवला असता तर साधारण निम्मा सायनसच्या हवेत गेला असता.

"इतकं हाड गेलं कुठे?" मी विचारलं. उत्तर ऐकल्यापासून मी माझ्या जबड्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

जबड्याचं मूळ हाड आयुष्यभर राहतं. पण दातांच्या मुळांना धरून असलेला त्याचा कंगोरा दातांसोबत येतो आणि दातांसोबत जातो. ज्यांना जन्मतःच काही दात येत नाहीत, त्यांच्या जबड्यात त्या ठिकाणी हा कंगोरा नीट तयारच होत नाही. हाड आहे म्हणून दात उभा आहे असं आपण समजतो. इथे दात आहे म्हणून हाड उभं असतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो. चावताना दात त्या तंतूंना ओढतो, तंतू हाडाला ओढतात, आणि त्या ओढीवर हाड स्वतःला राखून असतं. गालाकडची भिंत तर मुळात कागदी. पुढच्या दातांपाशी ती बहुतेकदा एक मिलिमीटरसुद्धा नसते. तिला मिळणाऱ्या रक्ताचा काही भाग त्याच तंतूंमधून येतो. दात काढला की तंतू गेले, ओढ गेली, रक्तही आटलं. पहिल्या वर्षात कंगोऱ्याची रुंदी साधारण निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. वरच्या दाढांच्या बाबतीत आणखी एक भानगड : दाढ गेली की सायनसचा तळ खाली उतरायला लागतो. एकीकडून हाड झिजतंय, दुसरीकडून पोकळी वाढतेय. दोन्हींच्या मधे माझे ते चार मिलिमीटर.

जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं होतं की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची घडण बदलतं. अंतराळवीरांना याचा अनुभव येतो. वजनरहित अवस्थेत त्यांच्या कमरेच्या नि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने कमी होते, म्हणून तिथेही त्यांना रोज व्यायाम करावा लागतो. माझी डावी बाजू त्या अर्थाने काही वर्षं अंतराळात होती.

यात जबड्याचं काही बिघडलेलं नसतं, ही गोष्ट मला विशेष वाटते. हाडात रोज काही पेशी जुनं हाड खातात आणि काही नवीन घालतात. जिथे काम चालू असतं तिथे हिशेब जुळतो. काम बंद पडलं की शरीर आपला माल परत घेतं. कॅल्शियम फुकट साठवून ठेवायची त्याची पद्धत नाही. त्यात कुठे सूज नाही, ठणका नाही. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, या हिशेबाने चालणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यामुळे पत्ताच लागत नाही.

मला पत्ता लागायला हवा होता तो आईच्या कवळीवरून, असं आता म्हणता येईल. पण घरात सगळेजण "कवळी सैल झाली" असंच म्हणायचे. दर काही वर्षांनी आतून नवा थर देऊन ती घट्ट करून आणायची, मग काही दिवस बरे जायचे, पुन्हा बोलताना खालची कवळी उचलली जायची. कवळी होती तशीच होती, तिच्याखालचा जबडा कमी होत होता. डेन्मार्कमधल्या अँटिये टालग्रेन यांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्यांचा पाठपुरावा करून १९७२ साली जे प्रसिद्ध केलं, त्यात पंचवीस वर्षांपर्यंतची मोजमापं आहेत : झीज थांबत नाही, आणि खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या जवळपास चौपट असते. कवळीचा भार हिरडीच्या पृष्ठभागावर पडतो, हाडाच्या आत पोचत नाही. दाब आहे पण ओढ नाही. हाड फारच झिजलं तर हनुवटीकडे जाणारी नस, जी एरवी बरीच खाली असते, ती जवळजवळ माथ्याशी येते आणि कवळी नेमकी तिच्यावर बसते. आई घास चावताना मधेच डोळे मिटून घ्यायची, त्याचं कारण हे.

तर माझ्यापुढे काय काय पर्याय होते? डॉक्टरांनी एक गोष्ट आधीच सांगून टाकली, आणि त्यासाठी मी त्यांना मानते : काही न करणं हाही पर्याय आहे. नेदरलँड्समधल्या आर्न्ड कायझर यांनी १९८०च्या सुमाराला दाखवून दिलं होतं की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील, तर मागच्या काही दाढा नसतानाही बऱ्याच लोकांचं व्यवस्थित चालतं. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असा नियम नाही. माझ्या बाबतीत उजवी बाजू थकत होती, म्हणून प्रश्न आला. ब्रिज, म्हणजे दोन्हीकडच्या दातांच्या आधाराने मधे बसवलेले दात, करायचा तर आधाराला मागे दात नव्हता. काढता-घालता येणारा अर्धा सेट मला नको होता. आईचं बघून झालं होतं. सहा मिलिमीटरच्या आखूड इम्प्लांटचे निकाल हल्ली चांगले येतात, पण माझ्याकडे तेवढंही हाड नव्हतं. ज्यांच्या वरच्या जबड्यात जवळपास काहीच उरलेलं नसतं, त्यांच्यासाठी गालाच्या हाडात अडकवायचे तीस ते पन्नास मिलिमीटर लांबीचे इम्प्लांट असतात. दोन दाढांसाठी ते म्हणजे अतीच झालं असतं. राहिलं सायनस लिफ्ट : सायनसचा तळ वर उचलायचा, खाली हाड वाढवायचं, आणि मग त्यात इम्प्लांट.

हाड वाढवायचं म्हणजे नेमकं काय घालायचं, हे ऐकताना मी जरा सावरून बसले. स्वतःचं हाड घेता येतं, हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून, म्हणजे दुसरीकडे आणखी एक जखम. मृत्यूनंतर दान केलेलं माणसाचं हाड प्रक्रिया करून वापरतात. गुरांच्या हाडातला सगळा सेंद्रिय भाग काढून नुसता खनिज सांगाडा ठेवलेला असतो, तोही सर्रास वापरतात. आणि पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेले कॅल्शियम फॉस्फेटचे दाणेही मिळतात. बऱ्याच ठिकाणी संमतिपत्रावर नुसतं "बोन ग्राफ्ट" एवढंच छापलेलं असतं. माझ्या मते हे विचारून घ्यायलाच हवं. कोणाला प्राण्याचं चालत नाही, कोणाला दुसऱ्या माणसाचं नको वाटतं, कोणाला कशाचंच काही वाटत नाही. पण जबड्यात काय राहणार आहे हे माणसाला माहीत असावं. मला डॉक्टरांनी बाटली दाखवली. जाड्या मिठासारखे पांढरे खडे. तिच्यातल्या खड्यांमध्ये जीव असा काही नसतो. त्यांचं काम जागा धरून ठेवण्याचं. आजूबाजूच्या हाडातून रक्तवाहिन्या त्यांच्यामध्ये शिरतात, त्यांच्यामागून पेशी येतात आणि खड्यांच्या अंगाने स्वतःचं हाड घालतात. गुरांच्या हाडाचे दाणे तर फार सावकाश विरघळतात. वर्षांनंतर तपासलं तरी नव्या हाडात गुंफलेले सापडतात.

शस्त्रक्रियेबद्दल लोक फार विचारतात, पण तिथे सांगण्यासारखं कमी असतं. बधिर केलेलं असतं, दुखत नाही. गालाच्या बाजूने हाडात लहानशी खिडकी पाडतात, आत सायनसचं अस्तर असतं, ते न फाटू देता हळूहळू सोडवून वर सारतात. ते अस्तर जेमतेम मिलिमीटरभर, बहुतेकदा त्याहूनही पातळ. डॉक्टर त्या वेळी बोलायचे थांबले होते, सहायकही. माझ्याही लक्षात आलं की आता श्वास शांत ठेवायचा. पुढच्या एका जागी हाड थोडं जास्त होतं, तिथे खालूनच, बारीक हातोडीने टकटक करत तळ उचलला. ते मात्र विसरण्यासारखं नाही. आवाज कानातून येत नाही, कवटीतूनच येतो, आणि आपण दार आहोत की दार ठोठावणारे, कळत नाही.

नंतरच्या सूचनांचा कागद मजेशीर होता. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. फुगा फुगवायचा नाही. विमानप्रवास काही दिवस नाही. सगळ्यामागे कारण एकच : नाकातोंडातला दाब बदलला की ताजं सोडवलेलं अस्तर हलतं. तोंड आ वासून शिंकणारी बाई लोकांना कशी दिसते, याची कल्पना मला त्या काळात आली.

त्यानंतर महिनोन्‌महिने काहीच नाही. म्हणजे आत सगळं चालू होतं, पण दाखवण्यासारखं काही नव्हतं. "मग दात कधी?" हा प्रश्न भेटेल तो विचारायचा आणि आधी हाड, मग स्क्रू, मग थांबणं, मग दात, हे समजावताना माझ्या दातांच्या कण्या झाल्या, होते नव्हते तेवढ्या.

"एका दिवसात दात" अशा जाहिराती दिसतात, त्यांच्याबद्दल इथेच बोलते. त्या सरसकट खोट्या नाहीत. सगळे दात गेलेल्या माणसाला चार इम्प्लांट, मागचे दोन तिरके घालून सायनस आणि नस चुकवून, त्याच दिवशी दात जोडून देण्याची पद्धत पोर्तुगालच्या पाउलो मालो यांनी रुळवली आणि ती चालते. पण स्क्रू बसताना पुरेशी घट्ट पकड मिळाली तर, सगळे एकमेकांना जोडून भार वाटला गेला तर, आणि त्या दिवशी मिळतात ते दात तात्पुरते असतात. पक्के दात हाड जुळल्यावरच. जाहिरातीत हे सगळे "तर" नसतात. दिवस एकच लागतो तो दंतवैद्याला. हाडाला त्याचे तीन ते सहा महिने लागतातच, वाढवलेल्या हाडाला आणखी.

हाड आणि धातू जुळतात हे कळलं तेही दुसरंच काही शोधताना. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क दंतवैद्य नव्हते. हाडाच्या मगजात रक्त कसं वाहतं ते बघायला १९५२ साली त्यांनी सशांच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी निरीक्षण-नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला येऊन चिकटलं होतं. टायटॅनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा पातळ थर येतो आणि हाड त्या थराला परकं मानत नाही. १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा असे इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ साली वारले तोवर ते वापरात होते. मधल्या काळात दंतवैद्यकाने ब्रोनेमार्कना फारसं मनावर घेतलं नव्हतं. १९८२ साली टोरोंटोतल्या परिषदेनंतर चित्र बदललं. मला यातली नळी न निघण्याची गोष्ट आवडते. एखाद्याने वैतागून ती मोडून काढली असती आणि प्रयोगवहीत "उपकरण अडकले" एवढंच लिहून ठेवलं असतं.

माझे दोन स्क्रू बसले. त्यात एक गंमत अशी की पहिल्या दिवशीची घट्ट पकड टिकत नाही. ती नुसती यांत्रिक असते. मग कडेचं जुनं हाड शरीर काढायला घेतं आणि नवं अजून आलेलं नसतं, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत इम्प्लांट बसवलेल्या दिवसापेक्षा सैलच असतो. आपल्याला वाटतं दिवसागणिक पक्का होत असेल. बऱ्याच लोकांना नेमकं याच काळात बरं वाटायला लागतं आणि ते त्या बाजूने चावून बघतात.

कोणाचं हाड जुळत नाही? सिगारेट ओढणाऱ्यांचं फसण्याची शक्यता जास्त, मधुमेह ताब्यात नसलेल्यांची जास्त, जबड्याला रेडिएशन घेतलेल्यांची जास्त. ज्या पायरियाने मूळचे दात गेले तोच आटोक्यात नसेल तर तो इम्प्लांटभोवतीही येतो. धातू किडत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी सुजते आणि त्यामागून हाड जातं. इथे तर ते तंतूही नसतात, त्यामुळे आजार अडायला फारसं काही नसतं. मला दातांच्या फटीतले बारीक ब्रश आता औषधासारखे वेळेवर लागतात. पहिल्या वर्षात इम्प्लांटच्या मानेपाशी एक-दीड मिलिमीटर हाड झिजतं, ते धरूनच चालायचं. पुढे वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झीज असावी, असा ठोकताळा १९८६ साली आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी घालून दिला.

नव्या दाढा चावतात छान, पण कळवत काही नाहीत. खऱ्या दाताखाली वाळूचा कण आला तर तंतू लगेच वर्दी देतात आणि जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांटला तंतू नाहीत. दाब कळतो, पण उशिरा, लांबून, हाडामार्फत. डावीकडे मी अजून जरा बेतानेच चावते. डॉक्टरांनीही कॅपची उंची शेजारच्या दातांपेक्षा केसभर कमी ठेवली आहे, कारण खरे दात दाबाखाली किंचित आत जातात आणि हे जात नाहीत. पण स्कॅनमधली ती पट्टी आता जाड आहे, आणि वाढवलेलं हाड तिथे टिकून आहे ते त्याला आता काम मिळालंय म्हणून. नुसतं हाड भरून ठेवलं असतं आणि वर दात बसवलाच नसता, तर तेही हळूहळू ओसरलं असतं.

हे सगळं आई बघत होती. एके दिवशी तिने कवळी हातात घेऊन विचारलं, "माझं काही होण्यासारखं आहे का गं, की माझं सगळंच झिजलं?" मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी वयाचा विषय काढला नाही. पहिला प्रश्न औषधांचा. आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी सुरू आहे म्हटल्यावर किती वर्षांपासून, ते लिहून घेतलं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात त्या काही औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, हे २००३ साली पुढे आलं. गोळ्यांवर धोका कमी, कॅन्सरसाठी शिरेतून देतात त्या मोठ्या मात्रेत जास्त. पण सांगायचं मात्र दोन्ही वेळा, आणि स्वतःहून.

मग स्कॅन. मागे, दाढांच्या जागी, आईचा जबडा पेन्सिलीइतका उरला होता. पण पुढे, हनुवटीपाशी, दोन्ही नसांच्या मधल्या भागात, उंचीला पुरेसं हाड होतं. तिथे ते बहुतेकांचं तग धरून असतं. २००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला नुसती कवळी देण्यापेक्षा पुढे दोन इम्प्लांट घालून त्यांवर अडकणारी कवळी देणं ही पहिली निवड असावी. हाड भरायचं नाही, सायनसला हात लावायचा नाही. दोन बटणं, त्यांवर कवळी टचकन बसते, रात्री काढून धुता येते.

आईने सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर तिने पिशवीतून कागद काढला आणि पुढच्या वेळी विचारायचे प्रश्न लिहायला बसली. बटणं सैल झाली तर बदलून मिळतात का. जुनीच कवळी चालेल की नवी करावी लागेल. गोळी मधे बंद करायची का, आणि ते कोणी सांगायचं, दातांच्या डॉक्टरांनी की हाडांच्या. चौथा प्रश्न तिने मला वाचू दिला नाही.